फॉस्फरस जास्त आहे, साहेब

तिचं खरं नाव हजेरीपत्रकात होतं. ओतशाळेत मात्र सगळे तिला पॉइंटताई म्हणत. दशांशानंतरच्या तिसऱ्या आकड्यावरून ती कुणाशीही भांडायला तयार असे, अगदी तोंडात घास असला तरी. सासूबाई शेजारणींना सांगत, "आमची सून दिवसभर लोखंडाला चटके देते." यात फार चूक नव्हती. भट्टीतलं चमचाभर पोलाद गोठवून, घासून तिच्याकडे यायचं. यंत्र त्याला ठिणगी मारायचं आणि त्या उजेडात कुठला रंग किती, यावरून पोलादाच्या पोटातलं सगळं पडद्यावर ओकायचं.

त्या दुपारी भट्टीत तीन टन माल वितळून तयार होता. त्यातून मालगाडीचे डबे जोडणारे आकडे ओतायचे होते. गिऱ्हाइकाचे सकाळपासून चार फोन झाले होते. आणि पडद्यावर फॉस्फरस आला ०.०५२ टक्के. मर्यादा ०.०३५.

"पुन्हा मारा," मॅनेजरसाहेब म्हणाले.

तिने तुकड्यावरची जागा बदलून दोनदा ठिणगी मारली. ०.०५१. ०.०५३.

"यंत्र बिघडलंय."

"यंत्र ठणठणीत आहे, सकाळीच तपासलंय. बिघडलाय तो माल. असला आकडा थंडीत काचेसारखा तुटेल."

"एवढं काही होत नसतं हो."

"मग त्या गाडीच्या शेवटच्या डब्यात तुम्ही बसा."

साहेब पाय आपटत गेले. दहा मिनिटांत भट्टीवाले काका नवा तुकडा घेऊन आले. एरवी दारातूनच थट्टा सुरू करणारे काका आज छताकडे बघत होते. ठिणगी मारली. फॉस्फरस ०.०२१! साहेब मागे उभेच होते, पोरगं वर्गात पहिलं आल्यासारखे खूश.

"झालं ना समाधान? करा सही."

पॉइंटताईची नजर मात्र तांब्याच्या रकान्यावर होती. "साहेब, मघाच्या तुकड्यात तांबं ०.२३१ होतं. आता ०.१४७. गेलं कुठं?"

"जळलं असेल."

"पोलादात शिरलेलं तांबं भट्टी जन्मात सोडत नाही." तिने जुने अहवाल चाळले, एक कागद ओढून टेबलावर आपटला. "मंगळवारचा घाणा. तांबं तेच, कथील तेच, सगळंच तेच. काका, हा तुकडा भट्टीतून काढलात की जुन्या तुकड्यांच्या कपाटातून?"

काकांनी कान खाजवला. "कपाटातून, ताई. मला सांगितलं तसं केलं."

"सही करा," साहेबांचा आवाज चढला, "नाहीतर उद्यापासून घरी बसा."

तिने लाल पेन घेतलं. पहिल्या अहवालावर लिहिलं, 'माल ओतू नये.' दुसऱ्यावर, 'हा तुकडा या मालाचा नाही.' दोन्हींखाली ठसठशीत सही ठोकली.

"घ्या. तुम्हाला सहीच हवी होती ना? एकाला दोन दिल्या."

साहेब काकांकडे वळले. "तुम्ही ओता हो!"

काकांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. "यावर 'ओतू नये' लिहिलंय, साहेब. वाचल्यावर कसं ओतू?"

"दोघांनाही काढून टाकीन!"

"उद्या काढा," पॉइंटताई म्हणाली. "आज काम आहे. काका, निम्मा माल बाहेर काढा, चांगलं भंगार घाला, आणि या वेळी तुकडा भट्टीतला आणा. मी इथंच आहे."

काका निघाले. साहेबांनी तावातावाने फोन उचलला खरा. पण तक्रार कुणाकडे आणि काय म्हणून करायची, हे त्यांना बराच वेळ सुचलं नाही.