झोपशी कोठे?

ड्रायव्हरच्या बायकोला ऑफिसात बोलावल्याशिवाय ट्रक न सोडणारी मालकीण तुम्ही कधी पाहिली आहे? आमच्या रावेरात होती. विमलअक्का. यजमान गेल्यावर केळीच्या गाड्यांचा धंदा त्यांनी एकटीनं चालवला. माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे तोंडात अहिराणी. आमच्याकडची बोली वेगळी. लोक चिडवायचे, पण अक्कांनी आपली भाषा काही सोडली नाही.

तेव्हा आमची पोरं कॉलेजात होती. आमचे हे अक्कांच्या गाडीवर नवीनच ड्रायव्हर लागले होते. एक दिवस निरोप आला, ऑफिसात या. मी मनात म्हटलं, झालं, नवऱ्यानं काहीतरी दिवे लावले! घाबरत गेले, तर अक्कांनी पुढ्यात चहा ठेवला. "बस बाई. तुना नवरा दिल्लीले चालना. तो कोठे झोपी, ते तुले माहीत पाहिजे." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "सुपडू, सांग रस्ता."

ह्यांनी खिशातून मोबाइल काढला. अक्कांनी तो उपडा ठेवला. "मोबाइल काय सांगस ते नको सांगू. तू काय करशी ते सांग." मोबाइल छोट्या गाडीचा रस्ता दाखवतो, त्याला ट्रकची उंची ठाऊक नसते, असं त्यांचं म्हणणं. मग हे शाळेतल्या पोरासारखे सांगू लागले: बऱ्हाणपूर, खंडवा, इंदूरच्या अलीकडचा घाट उजेडात, पुढं ग्वाल्हेर, आग्रा. जोडीदार ड्रायव्हर स्टेअरिंग कुठं घेणार, जेवण कुठं, कोणत्या शहरात ट्रकला कधी बंदी. परमिट, विमा, फिटनेस. "बठ्ठा कागद शेतस ना गाडीमा?" पासिंगपेक्षा, म्हणजे गाडीला मंजूर असलेल्या वजनापेक्षा, जास्त माल भरा म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला तर त्या सरळ दुसरीकडची वाट दाखवायच्या. आणि शेवटचा प्रश्न ठरलेला: "झोपशी कोठे?" त्या ढाब्याचं नाव मी ऐकलं, की मगच किल्ली मिळायची. बाजारात लोक हसायचे. सुपडूच्या परीक्षेला बायको सुपरवायझर, म्हणायचे. मलाही आधी लाज वाटे.

मग तो थंडीतला दिवस आला. अक्कांच्या धाकट्या दिरांची, प्रल्हादभाऊंची केळी कापून गाडीत भरून तयार होती, आणि ह्यांचा जोडीदार तापानं फणफणला. दुसरा ड्रायव्हर मिळेना. कापलेलं केळं काही थांबत नाही. हे छाती पुढं काढून म्हणाले, "मी एकटा नेतो." प्रल्हादभाऊ खूश. अक्कांनी नेहमीसारखं मला बोलावलं. ह्यांनी रस्ता घडाघडा म्हटला.

"झोपशी कोठे?"

"बघू, वाटेत कुठंतरी," असं हे पुटपुटले. मी ह्यांना ओळखत नाही होय? गाडी हातात आली की ह्यांना ना भूक, ना झोप. आणि वरती उत्तरेत त्या दिवसांत धुकं. भर ऑफिसात, दिरांसमोर, माझ्या तोंडून निघून गेलं, "अक्का, हे झोपणारच नाहीत."

ह्यांनी डोळे वटारले. अक्कांनी किल्ली उचलून पदराच्या गाठीला बांधली. प्रल्हादभाऊ ओरडले, "वहिनी, घरची गाडी, घरची केळी! घरचाच माल नासवता?"

"केळं पिवळं व्हई. व्हऊ दे."

दुसऱ्या दिवशी बोदवडहून ड्रायव्हर आला, तेव्हा गाडी निघाली. माल उतरला तोवर पिकायला लागला होता, भाव पडला. हे माझ्याशी आठवडाभर धड बोलले नाहीत. प्रल्हादभाऊ मात्र भावजयीला ऐकवायला आलेच. "रस्ताभर धुक्याचा पत्ता नव्हता. एकटा गेला असता तरी काही झालं नसतं."

अक्का हसल्या. "आते तरी काय व्हयनं? काहीच नही ना? मंग! तेच तं मनं काम शे."

मागच्या वर्षी अक्का गेल्या. अंगणात ड्रायव्हरांपेक्षा त्यांच्या बायकांचीच गर्दी जास्त होती. प्रल्हादभाऊ कोपऱ्यात बसून लहान मुलासारखे रडत होते.

ह्यांनी आता गाडी सोडली. परवा नातीनं विचारलं, "आबा, तुम्ही एवढा ट्रक चालवला, तुमचा अॅक्सिडेंट कधी झाला?" हे म्हणाले, "कधीच नाही गं." पोरगी हिरमुसली, गोष्टच नाही म्हणे! हेही थोडे ओशाळले, आणि ओट्यावर आडवे होऊन घोरायला लागले. मी भाकरी थापता थापता थांबले. माझे डोळे भरून आले. हे कुणाचं देणं आहे, ते मला पक्कं ठाऊक आहे. पिठाचेच हात जोडले आणि मनात म्हटलं, अक्का, हे घरी झोपलेत.