अप्पांच्या खात्यातलं दुसरं नाव

आमच्या घरात चहाच्या गाळणीवरसुद्धा नाव होतं. वडिलांचं, म्हणजे आमच्या अप्पांचं, धाराशिवकडच्या वाशीत भांड्यांचं दुकान. लग्नसराईत खेड्यांतून माणसं जीप भरून रुखवताची भांडी घ्यायला यायची. भाव ठरला, भांडी निवडून झाली, तरी कुणी उठायचं नाही, कारण अजून नावं टाकायची असायची. अप्पा बटण दाबायचे, जाड पेनासारखं ते मशीन घर्र करायला लागायचं आणि स्टीलवर एकेक अक्षर चढत जायचं. अक्षर इतकं सुरेख की लोक भांडं दुसरीकडून घ्यायचे आणि नाव टाकायला आमच्याकडं यायचे. अप्पा तेही टाकून द्यायचे, वर चहा पाजायचे. त्यांच्या या उदारपणावर आई रोज बोलायची.

घरच्या भांड्यांवर मात्र बहुतेक माझंच नाव. भाऊ थोरला, पण त्याच्या वाट्याला एक तांब्या आणि एक ताट. पेला माझा, डबा माझा, परातही माझीच. "तिची अक्षरं सोपी हायती, हात बसतो," असं अप्पा त्याला सांगायचे, आणि तो बिचारा ते खरं मानायचा. मला अमेरिकेत नोकरी लागली तेव्हा अप्पांनी गावच्या महादेवाला भंडाऱ्याच्या स्वयंपाकासाठी मोठं पातेलं दिलं आणि काठाखाली माझं नाव टाकलं. मला लाज वाटली. म्हटलं, "अप्पा, पातेलं तुम्ही दिलं, माझं नाव कशाला?" ते म्हणाले, "मंग काय पातेल्यावर पातेल्याचं टाकू?"

आई गेली तेव्हा मी आले होते. परत निघायच्या आदल्या दिवशी अप्पांनी बँकेचे काही कागद पुढं केले. "इथं सही कर, माय." मी केली, न वाचता केली. डोळे रडून सुजले होते हे खरं, पण वाचायची गरजही वाटली नव्हती. अप्पांच्या खात्यावर आणि ठेवींवर दुसरं नाव आईचं असायचं. ती जागा रिकामी झाली होती आणि तिथं त्यांनी मला बसवलं होतं. भाऊ लातूरला, हाकेच्या अंतरावर. तरी त्याला नाही, मला.

अमेरिकेत दरवर्षी कर भरताना एक प्रश्न असतो: या देशाबाहेरच्या एखाद्या बँकखात्यात तुमचा हिस्सा आहे का, किंवा त्यावर सही करायचा अधिकार आहे का? माझ्यासारखी बाहेरून जाऊन तिथं कमावणारी माणसंही त्यातून सुटत नाहीत. माझं कॉलेजातलं खातं मी जाण्याआधीच बंद केलं होतं, म्हणून मी बिनदिक्कत 'नाही' लिहायची. अप्पांचं खातं माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. ते अप्पांचं होतं. एकदा तिथल्या एका मैत्रिणीनं जेवता जेवता सांगितलं की तिचं नाव सासूबाईंच्या खात्यात आहे, आणि ते न कळवल्याबद्दल जबर दंड बसू शकतो. माझा घास हातातच राहिला. घरी जाऊन इंटरनेटवर वाचत बसले. घाबरलेला माणूस नेमकं आणखी घाबरवणारंच शोधून वाचतो. दंड, खटला, व्हिसा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अप्पांना फोन लावला.

माझा राग पहिल्यापासून नाकाच्या शेंड्यावर. भीती वाटली की मला राग येतो आणि राग आला की समोर कोण आहे ते दिसत नाही. "माझं नाव खात्यात घालायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" मी विचारलं. वाशीत संध्याकाळ होती, दुकानात गिऱ्हाईक असावं, मागं मशीनचा आवाज चालू होता. तो थांबला.

"तू सही केली व्हतीस की," अप्पा म्हणाले. एवढंच. त्यानं मी आणखीच भडकले. इथं माझी नोकरी जाईल, मला परत पाठवतील, तुम्हाला तिथं भांड्यांत बसून काय कळणार, असं वाट्टेल ते बोलले. शेवटी म्हटलं, "माझं नाव जिथं जिथं घातलंय ना, तिथून सगळीकडून काढून टाका. मला कशातच ठेवू नका."

"बरं," अप्पा म्हणाले. "काढतो."

नाव कमी करायचे कागद कुरिअरनं आले. सही करायच्या आधी मी तिथल्या आपल्याकडच्या बऱ्याच जणांचे कर भरून देणाऱ्या एका गृहस्थांकडं जाऊन आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पैसे कुणाचे?" म्हटलं, वडिलांचे. "व्याज कोण घेतं? त्यावरचा तिकडचा कर कोण भरतं?" वडीलच. "मग तुम्हाला इथं त्याचा कर कसला? खात्यावर तुमचं नाव आहे, एवढं सरकारला कळवायचं. मागचं कळवायचं राहिलं, तर का राहिलं ते लिहून आता कळवू. नाव कशाला काढता?" त्यांनी तसं कळवलं. त्यातून पुढं काहीही निघालं नाही, साधं पत्रसुद्धा आलं नाही. मी साप साप म्हणून भुई धोपटली होती, आणि मार बसला होता अप्पांना.

हे इथंच संपलं असतं तर मी अज्ञानाच्या नावावर खपवलं असतं. पण अप्पांनी पाठवलेले कागद तेव्हा माझ्या टेबलावर कोरेच पडले होते. एक फोन केला असता तर भागलं असतं: अप्पा, माझं चुकलं, नाव राहू द्या. मी तो फोन केला नाही. इतकं तोंड टाकल्यावर आता चुकले म्हणायचं जिवावर आलं. शिवाय मनात आलं, दरवर्षी ते कळवत बसायची कटकट तरी वाचेल. मी सही केली आणि कागद परत पाठवले. खात्यात दुसरं नाव भावाचं लागलं.

पुढच्या खेपेला मी धाराशिवला रेल्वेतून उतरले आणि एसटीनं वाशीला पोचले. अप्पा दुकानात होते. दार आत्यानं उघडलं. आत्या म्हणजे अप्पांची धाकटी बहीण. आई गेल्यापासून तिथंच राहते. तिनं पाणी आणून दिलं. पेला माझाच, लहानपणचा, बुडाशी पोचा आलेला. नाव जिथं असायचं तिथं अंगठा नेहमीसारखा फिरला, पण काही लागलं नाही. उजेडात धरून पाहिला. काठाखालचा पट्टा गुळगुळीत, नव्या भांड्यासारखा चकचकीत होता. मी उठून मांडणीवरचा डबा पाहिला, परात पाहिली. सगळ्यांवर तसाच चकचकीत पट्टा. भावाचा तांब्या तेवढा नावासकट जागेवर होता.

"आत्या, हे कुणी केलं?"

"मला काय इचारती? तूच म्हनली न्हवं, जिथं जिथं हाय तिथून काढा म्हून? दादा दुपारची झोप सोडून घासत बसायचा. म्या म्हनलं, दादा, अमेरिका काय वाशीत येती का पेले बघाया? तर म्हनला, आपल्याला काय ठावं. एखादं राहिलं आन् तिच्यावर आलं म्हंजी?"

मी पेला पिशवीत टाकला. आत्या समोर भाजी निवडत होती. निवडता निवडता ती सांगू लागली.

"आमचा बाप गेला तवा हितल्याच तहसिलीत म्या हक्कसोड लिहून दिला. शेतातला वाटा सोडला. दादा बाजूलाच हुबा व्हता. नगं म्हनला न्हाय. तवा समदेच लिहून घेत व्हते. पन तुझी आई गेल्यावर मला म्हनला, बहिणीचं नाव म्या काढून घेतलं, पोरीचं काढनार न्हाय." मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि तिला हसू आलं. "मला नाव काढताना साडी तरी मिळाली व्हती. तुला काय दिलं गं?"

आत्याचं बोलणं असंच, टोचून मोकळं होणारं. मला मात्र तोंड कुठं लपवू असं झालं.

दुपारी मी महादेवाच्या देवळात गेले. पातेलं पालथं घातलेलं होतं. काठाखाली तोच चकचकीत पट्टा, हातभर लांब. एवढं धूड दुकानात न्यायचं कसं, म्हणून अप्पा इथंच येऊन घासत बसले होते, असं गुरवानं सांगितलं. "म्या इचारलं, अप्पा, एवढं झ्याक नाव कामून काढायलाव? तर म्हनले, अक्षर चुकलं व्हतं माझं."

अप्पांच्या हातून अक्षर चुकल्याचं उभ्या तालुक्यात कुणी ऐकलं नसेल.

तिथून मी थेट दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. मी स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं: कर नव्हता, दंड झाला नाही, नुसतं कळवायचं होतं. कोऱ्या कागदांचंही सांगितलं. अप्पा फडक्यानं एकच घागर पुसत होते.

"म्हंजी सही करायच्या आधी तुला कळलं व्हतं?"

"हो."

त्यांनी घागर खाली ठेवली. "मला वाटलं तू भेली हायेस," ते म्हणाले. "लेकरू भेलं म्हंजी आधी त्याचं ऐकावं, मंग समजवावं. म्हून काढलं म्या."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. म्हटलं, "अप्पा, उद्या बँकेत जाऊ. माझं नाव परत घाला. मी कळवत जाईन."

"नगं माय. दरवर्षी तुला ती कटकट. राहू दे."

ती कटकट माझ्या मनातली होती, मी ती त्यांना कधीच बोलून दाखवली नव्हती. तरी त्यांनी नेमकी तीच पुढं केली, आणि तीही माझ्या सोयीसाठी. मी पिशवीतून पेला काढून त्यांच्यापुढं ठेवला. "मग यावर तरी टाका."

अप्पांनी मशीन हातात घेतलं, बटण दाबलं. पेला वळवून अंगठ्यानं पत्रा दाबून पाहिला, उजेडाकडं धरला. मग बटण बंद केलं.

"लई घासलंय म्या," ते म्हणाले. "पातळ झालाय. आता टाकाया गेलं तर भोक पडंल."

तो पेला मी सोबत घेऊन आले. यंदा कर भरताना तो प्रश्न पुन्हा आला: देशाबाहेर कुठं तुमचं नाव आहे का? मी 'नाही' लिहिलं. आता ते खरं आहे.