किल्लीकाका आणि भिंतीवरची पेटी

किल्लीकाकांच्या दुकानात डाव्या भिंतीवर हजारभर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या होत्या आणि उजव्या भिंतीवर एकटी एक पांढरी पेटी. पेटी इंटरनेट कंपनीची. तिचे हिरवे दिवे दिवसभर लुकलुकत आणि काका तिच्याकडे न सांगता राहायला आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसे बघत. हाकलता येत नाही आणि काही बोलायचीही सोय नाही.

गल्लीतलं एकही कुलूप काकांना नाही म्हणालं नव्हतं. दारं, तिजोऱ्या, गाड्या, एकदा तर दंतवैद्याचं बिघडलेलं कपाट, आत दंतवैद्याचाच चष्मा. कानाजवळ कुलूप धरायचं, तार आत सरकवायची, डोळे मिटायचे. "बोलतंय," असं म्हणायचे, आणि खट्. फक्त स्वतःच्या घरातल्या कपाटाचं दार गेली अकरा वर्षं लागत नव्हतं. दुकानामागच्या खोलीत ते कायम वीतभर उघडं, आत काय आहे ते जगाला दाखवत उभं.

"उद्या करतो," काका म्हणायचे.

"हो, हो," काकू म्हणायच्या. "मी कॅलेंडरच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय."

आणि काकांचा एक नियम होता. मालक समोर असल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. उमेदवारीच्या काळात एका गृहस्थाला त्यांनी "घर माझंच आहे" या एका वाक्यावर दार उघडून दिलं होतं, वर नवं कुलूपही बसवून दिलं होतं. संध्याकाळी त्या गृहस्थाची विधवा भावजय दोन मुलांना घेऊन कामावरून आली आणि आपल्याच दाराला आपली किल्ली लावत उभी राहिली. लागेना. काका समोरच्या टपरीवरून बघत होते. त्यानंतर त्यांनी वही केली. आधी मालक, मग मालकाची सही, मग कुलूप.

आता पेटीचं दुखणं. काकूंची थोरली बहीण, म्हणजे ताई, दूरच्या शहरात लेकीकडे राहायची. वर्षापूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला आणि शब्द हरवले. डॉक्टर म्हणाले, रोज बोलतं करा. म्हणून रोज चार वाजता काकू मागच्या खोलीत फोन घेऊन बसत, व्हिडिओ लावून. ताई एकेक शब्द शोधून आणायची, अंधाऱ्या फडताळात चाचपडून वाटी काढावी तसा. "आज... मी..." आणि तिसरा शब्द हाताला लागायच्या आत चित्र गोठायचं. ताई तोंड उघडं टाकून तशीच. परत लागलं की पहिल्यापासून. "आज... मी..." पुन्हा गोठायचं.

कारण पेटीत होतं. ती एकाच नावाचे दोन वायफाय सोडायची, एक वेगवान पण जवळचा, एक हळू पण लांबवर पोचणारा. फोन मागच्या खोलीत असला की पेटी त्याला कधी याच्यावर ढकलायची, कधी त्याच्यावर. त्या ढकलाढकलीत ताईचं वाक्य चेंगरायचं. कंपनीने या प्रकाराला 'स्मार्ट मोड' असं नाव ठेवलं होतं. दुकानात येऊन बोलावं तर किल्ल्या घासायचं यंत्र आणि गिऱ्हाइकांची वर्दळ. मागच्या खोलीत मोबाईलची रेंज म्हणजे नावाला एक काडी.

कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेला. हा कधीच हेल्मेट काढायचा नाही, म्हणून काकूंनी त्याचं नावच हेल्मेट ठेवलं होतं.

"दोन वायफायना दोन नावं द्या," काका म्हणाले. "आमची ही लांबवर पोचणाऱ्यालाच फोन जोडून बसेल."

"होतं तसं काका, पण ते सेटिंग लॉक आहे. कस्टमरला नाही येत."

"मग मी दुसरा राउटर आणून लावतो."

"आणा ना! पण ही पेटी त्याला पुढे जाऊ देणार नाही. तेही लॉक आहे."

"कुणी केलंय लॉक?"

"सिस्टीमने."

"सिस्टीम कुठे बसते?"

हेल्मेटने वर छताकडे बघितलं.

फोन करावा तर तिकडून एक गोड बाई यायची. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. तक्रारीसाठी दोन दाबा. दोन दाबलं की पेटी बंद करून चालू करा, धन्यवाद. जिवंत माणूस म्हणून मिळायचा नाही. तीन आठवड्यांत ही बाई घरात इतकी मुरली, की काकांनी चहा मागितला की काकू त्याच लाडिक आवाजात म्हणायच्या, "आपला चहा आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. साखरेसाठी एक दाबा. तोपर्यंत स्वतःला बंद करून पुन्हा चालू करा."

पण शनिवारी काकू काहीच बोलल्या नाहीत. भाचीचा फोन आला होता. "मावशी, आई आता मान हलवते. फोन नको म्हणते. बोलायला जाते, तुटतं, चिडते, मग दिवसभर तोंड मिटून बसते. उद्या चारला एकदा लावू. नाही जमलं तर राहू दे गं. तिला त्रास होतो."

काकू दुकानात येऊन स्टुलावर बसल्या. "तुम्ही जगाची कुलपं उघडता," एवढंच म्हणाल्या.

काकांनी चष्मा पुसला. पुसलेला परत पुसला. "एक सांगू? पेटीचा पासवर्ड मला माहीत आहे."

"काय?"

"परवा हेल्मेट पेटीच्या सेटिंगमध्ये शिरला ना, तेव्हा फोनवर एका अंगठ्याने टाकत होता. बारा अक्षरं. मी मुद्दाम नाही बघितलं गं. एकदा नजरेखालून गेलेली किल्ली माझ्या डोक्यातून जात नाही, तसं ते झालं."

"मग बसलात काय? टाका!"

"पेटीच्या पाठीवर लिहिलंय, कंपनीची मालमत्ता. मालक समोर नाही."

काकू उठल्या. आवाज चढला नाही, हेच वाईट. "त्या विधवेच्या दाराचं पाप तुम्ही तीस वर्षं फेडताय. माझी बहीण काय करणार त्याला?" आणि आत गेल्या. मागच्या खोलीतलं कपाट आपटल्याचा आवाज आला, आणि लगेच ते परत उघडल्याचाही.

रविवारी सकाळी दहाला अख्ख्या गल्लीचं इंटरनेट गेलं. साडेदहाला हेल्मेट धापा टाकत दुकानात. "काका, चला! कोपऱ्यावरच्या आमच्या तारांच्या कॅबिनेटची किल्ली कुलपात मोडली. अर्धी आत, अर्धी माझ्या हातात. दोन मिनिटांचं काम आहे तुमचं."

"मालक कुठाय?"

"कसला मालक? कंपनीचं आहे."

"मग कंपनीला बोलाव."

"काका, गल्ली बोंबलतेय! आणि मी उभाय ना समोर!"

"तू मालक?"

हेल्मेटने आत हात घालून डोकं खाजवलं आणि शेवटी फोन लावला. स्पीकरवर एक जाड आवाज आला. "काय रे, झालं?"

"साहेब, कुलूपवाले काका म्हणतात, परवानगी पाहिजे."

"कसली परवानगी? उघड म्हणावं!"

"नमस्कार," काका वही उघडत म्हणाले. "आपण कोण? हुद्दा सांगा. कुलूप उघडू का, ते स्वतःच्या तोंडाने सांगा."

मग साहेबांनी शाळेत हजेरी द्यावी तसं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, आणि म्हणाले, "उघडा. कृपा करून."

काकू दारात आल्या होत्या. तीन आठवडे दोन दाबून न मिळालेला जिवंत माणूस आपण होऊन दुकानात बोलत होता.

काकांनी काहीच अट घातली नाही. काकूंनी कोपराने ढोसलं तरी नाही. कोपऱ्यावर जाऊन करवतीच्या पात्याचा बारीक तुकडा आत सरकवला, डोळे मिटले. "बोलतंय." मोडका तुकडा बाहेर आला, कॅबिनेट उघडलं, पाऊण तासात गल्लीतल्या खिडक्यांतून "आलं, आलं!" सुरू झालं.

मग दुकानात परतल्यावर काकांनी हेल्मेटकडून साहेबांना पुन्हा फोन लावून घेतला. "साहेब, तुमचं अजून एक कुलूप आहे. माझ्या भिंतीवर."

सगळं सांगितलं. ताई, तुटणारं वाक्य, दोन नावं.

"काका, पॉलिसी आहे. ते सेटिंग आम्ही कस्टमरला देत नाही."

"मला देऊ नकाच. तुमच्याच माणसाच्या हाताने करा. आणि साहेब, तुमचा पासवर्ड बदलून घ्या. तो मला माहीत आहे."

हेल्मेटचा चेहरा हेल्मेटच्या आत बसेनासा झाला.

"त्याची चूक नाही, माझ्या नजरेची खोड आहे," काका म्हणाले. "पण एक विचारतो. गल्लीतल्या सगळ्या पेट्यांना हा एकच आहे का?"

उत्तर आलं नाही. म्हणजे आलंच.

"सगळ्या घरांना एक किल्ली? साहेब, मी असं काम केलं असतं तर लोकांनी माझं दुकान बंद केलं असतं."

मग जाड आवाज जरा बारीक झाला. "तुम्हाला माहीत होतं, तर तुम्हीच का नाही बदललं सेटिंग?"

"मालक समोर नव्हता."

साहेब आता हेल्मेटशी बोलू लागले. "दे रे त्यांना दोन नावं करून. स्मार्ट मोड काढून टाक. मी इथून तशी नोंद करतो, म्हणजे अपडेटमध्ये परत यायचं नाही. आणि तो पासवर्ड... तो बघतो मी."

हेल्मेटने चार मिनिटांत काम केलं. काका तेवढा वेळ पाठ करून, किल्ल्यांच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग त्यांनी वही पुढे केली. हेल्मेटने सही केली, आणि सही करताना पहिल्यांदाच हेल्मेट काढलं. डोक्यावर भरपूर केस होते. काकूंना उगाच वाटत होतं टक्कल असेल.

चार वाजता काका यंत्र बंद करून मागच्या खोलीत, फोनमध्ये दिसणार नाहीत असे पलंगाच्या कडेला बसले. पडद्यावर ताई आली. तोंड मिटलेलं. भाची म्हणाली, "आई, मावशी बघ." ताईने मान हलवली. नाही.

"ताई," काकू म्हणाल्या, "मी थांबलेय. तुला लागेल तेवढा वेळ."

चित्र गोठलं नाही. ताईची नजर काकूंच्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच थांबली. ओठ हलले.

"तुझं..."

हिरवे दिवे दुकानात काय करत होते कोण जाणे.

"तुझं... मागचं..."

किती वेळ गेला. ताई शोधत होती. कुणी तिला ढकललं नाही.

"तुझं मागचं... कपाट... अजून... लागत नाही?"

पलीकडे भाची हसता हसता रडायला लागली. काकूंनी मागे वळून बघितलं, वीतभर उघडं दार, आत साड्यांचा ढीग, आणि तोंडावर पदर धरला. ताईच्या तोंडाची डावी बाजू हळूहळू वर गेली. ती हसत होती.

काका उठले, खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि कपाटाकडे निघाले. अकरा वर्षांनी.

"बसा हो खाली," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "राहू दे ते उघडं. उद्या काय बोलेल ती मग?"