निकानोराच्या हातांवरची खळ

निकानोरा मेक्सिको शहरातल्या आमच्या छापखान्यात फर्मे, म्हणजे छापलेले मोठे कागद, दुमडायची, शिवायची, पुठ्ठ्यांना खळ लावायची. मी यंत्रावर होतो. तिची घडी कधी वाकडी गेली नाही. मी लग्नाचं विचारलं ते त्या घड्या पाहूनच, आणि ती हो म्हणाली.

आमच्याकडे कवींचं एक मासिक छापलं जायचं. त्यातल्या बायका दोनच जातीच्या. एक खोकून मरणारी, दुसरी पुरुषांचं रक्त पिणारी. भाकरी थापणारी एकही नाही.

एकदा डॉन लिसांद्रो नावाचे कवी मुद्रितं तपासायला आले. निकानोराचे कोपरापर्यंत पांढरे हात पाहून थबकले आणि तिचं नाव विचारून गेले. पुढच्या अंकात 'निकानोरास' ही कविता आली. हात बर्फाचे, छातीत क्षय, वसंताआधी मरण. छापली मीच. आम्ही दोघं पोट धरून हसलो.

पण शेजारणीने तो अंक माझ्या आईला वाचून दाखवला. आईची बहीण क्षयानेच गेलेली.

"छापलंय म्हणजे खरंच असणार. शवपेटीतली सून नको मला. लग्न मोडलं."

"आई, ती खळ होती!"

"तू गप. तुझ्या डोळ्यांत शाई गेलीय."

हे ऐकून निकानोरा हसली नाही. रविवारी सरळ आमच्या घरी आली. चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका तयार होता. तिने शाल कमरेला बांधली, पाट्यापुढे गुडघे टेकले आणि वाटायला लागली. आई समोर बसून खोकला येतो का ते ऐकत होती.

"अजून बारीक," आई म्हणाली.

तिने सगळं पुन्हा वाटलं. गाल लाल झाले, घाम आला, खोकला काही आला नाही. हात मात्र पिठाने पुन्हा पांढरे. आईने ते पाण्यात बुडवून स्वतः चोळले. खालून सावळे, सुईच्या घट्ट्यांचे हात निघाले.

"हे घट्टे दिसले नाहीत त्या मेल्याला?"

"घट्ट्याला यमक सापडलं नसेल, आई."

निकानोराने आई म्हटलेलं आईने ऐकलं. "भाकऱ्या थाप आता," एवढंच म्हणाली.

लग्नाची बातमी कळल्यावर डॉन लिसांद्रोंनी दुसरी कविता दिली. त्यात निकानोरा नागीण, नवऱ्याचं रक्त पिणारी. तो फर्माही तिने नीट दुमडला. या वेळी आईनेच सगळ्या चाळीला सांगितलं,

"खोकत नाही हं आमची सून. रक्त पिते. बघा, पोरगा अंगाने कसा सुटलाय!"