आतली चप्पल

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन आता निवांत घरी बसलो आहे. कितीतरी गुन्हे विसरलो, आरोपींचे चेहरेही पुसट झाले. पण पारोळा तालुक्यातली ती निळी रबरी चप्पल काही केल्या डोक्यातून जात नाही.

तिथल्या एका गावाच्या शिवारात विहिरीत शेतकऱ्याचं प्रेत सापडलं. धाकट्या भावाच्या मदतीने तो तुती लावून शेतातल्या शेडमध्ये रेशमाच्या अळ्या पाळायचा. डोक्याला मार होता, पण विहिरीला कठडा नव्हता आणि आतली बांधणी दगडी. पाय घसरला असेल, असं सगळेच म्हणाले. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला, पायातली निळी रबरी चप्पल मुद्देमालात घेतली. शवविच्छेदनानंतर अंत्यसंस्कार झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारचा शेतकरी ठाण्यात आला. तिरडीला पहिला खांदा आपणच दिला, हे त्याने न विचारता सांगितलं. मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाला, "साहेब, सख्खा भाऊ मयतले उना नही. शेडमा दार लायीसन बठेल शे. आते तुम्हीच समजी ल्या." भावाभावांत वाटणीवरून कुरबुर होती, हेही जाता जाता सोडून गेला.

माझा स्वभाव मुळात संशयी. बायको म्हणते, तुम्ही देवळात गेलात तरी बाहेरच्या चपला मोजता. मी लगेच धाकट्याला उचलून आणलं.

डोळे कोरडे. नजर खाली. "भाऊ पडला तेव्हा कुठे होतास?"

"तुतीना वावरना पल्याड फांद्या तोडी ऱ्हायंतू."

"कोणी पाहिलं?"

"कोनीच नही."

"आणि मयतीला का गेला नाहीस?"

"अळ्या शेवटला पाला खाई ऱ्हायन्यात, साहेब. आते पाला चुकी गया ते बठ्ठं पीक गयं."

मी टेबलावर हात आपटला. "किड्यांपायी भाऊ सोडलास?" तो हात जोडून म्हणाला, "माले कोंडी ठेवा, पन अळ्यास्ले पाला टाकाले कोनले तरी धाडा." माणूस चांगलाच मुरलेला आहे, असं मला वाटलं. असले भोळे चेहरे मी पुष्कळ पाहिले होते.

त्याला ठाण्यात बसवून मी हवालदाराला घेऊन शेतावर गेलो. शेडमध्ये एक बाई अळ्यांवर तुतीच्या फांद्या अंथरत होती. ती मयताची बायको निघाली! घरात सुतक, आणि ही बाई इथे कामाला? दीर मयतीला जात नाही, भावजय रडत नाही. माझ्या मनात नको ते येऊन गेलं, खोटं कशाला बोलू?

तिने आम्हाला दारातच अडवलं. बाहेरच्या चपला बाहेर, पाय चुन्याच्या पावडरीत, मग आतली रबरी चप्पल घालायची; अळ्यांना रोग लागू नये म्हणून नवऱ्याने तिलाही हाच नियम घातला होता. हवालदाराला तर तंबाखू थुंकून चूळ भरून यायला लावलं. तो बिचारा दिवसभर माझ्याकडे रागाने बघत होता.

"दीर मयतीला का आला नाही?" मी विचारलं.

"मीच सांगं त्यास्ले, येवू नका. या अळ्या मना मालकनी पोसेल शेतस. त्या उपाशी मरी ग्यात ते त्यास्ना जीवले शांती भेटाव नही."

मी विश्वास ठेवला नाही. खाली बघत होतो, म्हणून दिसलं. आत निळ्या रबरी चपलांची रांग होती आणि एका जोडाची जागा रिकामी. बाहेर पायरीपाशी चामड्याच्या वहाणा, वर धूळ बसलेली.

"या कोणाच्या?"

"त्यास्न्याच. उचलाले हात व्हत नही."

मी जागच्या जागी थांबलो. बायकोलासुद्धा बाहेरच्या चपलेने उंबरा ओलांडू न देणारा हा माणूस आतली चप्पल घालून विहिरीपर्यंत गेला कसा? वहाणा घालायलाही थांबला नाही, म्हणजे धावत सुटला. कशासाठी?

मी दारात उभा राहून पाहिलं. समोर विहीर, तिला लागून बांध, बांधापलीकडे ठाण्यात आलेल्या त्या शेजाऱ्याची कपाशी. बांधावर गेलो तर कडेच्या तुतीच्या पानांना फवारणीच्या औषधाचा उग्र वास येत होता. त्या औषधाने अळ्यांची अख्खी रास मरू शकते, हे मलाही ठाऊक होतं. शेजाऱ्याच्या खोपीत फवारणीचा पंप सापडला, अर्धा भरलेला.

त्याला बोलावून मी आधी चहा दिला. "मयत झाली त्या दिवशी शेतात होतात का, भाऊ?"

"नही साहेब, मी ते पारोळ्याले बाजारले गयथू."

"मग औषध कालवून पंप अर्धा कोणी टाकला? शेतकरी कालवलेलं औषध संपवल्याशिवाय घरी जातो का?"

त्याने रिकाम्या बशीत फुंकर घातली. मग बोलू लागला. वारा तुतीकडे वाहत होता. थोरला ओरडत धावत आला, पंपाच्या नळीला हात घातला. "मनं वावर, मना पंप," म्हणत याने जोरात ढकललं. तो मागच्या मागे विहिरीत गेला. हा घाबरून पळाला, ते दुसऱ्या दिवशी थेट तिरडीला खांदा द्यायलाच आला. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते उगाच नाही. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला.

धाकट्याला मी स्वतः जीपने सोडलं. तो घरी गेला नाही. पाय चुन्यात बुडवले आणि आत शिरला.

पुढे पुरवणी जबाबासाठी गेलो तेव्हा अळ्या वर चढून कोष विणत होत्या. पाला कुरतडण्याचा आवाज थांबला होता. धाकटा पायरीवर भावाच्या वहाणा मांडीवर घेऊन मोठ्याने रडत होता. मला पाहून त्याने तोंड पुसलं. म्हणाला, "आते रडाले टाईम भेटी गया, साहेब."

मला त्याच्याजवळ बसावंसं वाटलं, आणि मी बसलो. जबाब त्या दिवशी राहूनच गेला.

संशय घेणं मी सोडलं नाही, ते हाडातच आहे. पण त्यानंतर कुठल्याही मयतीला गेलो की कोण आलं नाही, हे मी विचारत नाही. पहिला खांदा कोणी दिला, ते मात्र बघून ठेवतो.