म्हात्रे मामा आणि परदेशी मशीन

चार मास्तर डबे उघडून एका टेबलाशी बसले की अभ्यासक्रम राहतो, किस्से मात्र पूर्ण होतात! नव्वदच्या दशकात काशीमीऱ्याजवळच्या एका पॉलिटेक्निकमध्ये मी मेकॅनिकल शिकवायची. तंत्रशिक्षण सुधारायला एका परदेशी संस्थेशी करार झाला आणि आमचं किश्शांचं गोदामच उघडलं.

*

पहिलं मशीन आलं तसं प्रिन्सिपॉलसाहेबांनी लॅबला कुलूप ठोकलं. “परदेशी पाहुणे येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही!” मुलं खिडकीच्या गजांतून प्रॅक्टिकल करायची!

वर्कशॉपचे म्हात्रे मामा, खारी गावचे, आयटीआय झालेले. ते थेट केबिनमध्ये शिरले.

“साहेब, देवाला पन रोज आंघोळ घालतात. हिला तेल तरी घालू द्या!”

किल्ली मिळाली. मामांनी ती परत दिलीच नाही. दुसऱ्या दिवसापासून पोरं मशीनवर काम करायला लागली.

*

परदेशी प्रशिक्षणाची एकच जागा होती. गेले कोण? आमचे रजिस्ट्रार! जन्मात कधी स्क्रू पिळलेला नाही. महिन्याने परतले, तेव्हा आम्ही घोळका करून विचारलं, “काय शिकलात?”

“तिथली कँटीन काय स्वच्छ असते हो!”

मला अजून राग येतो.

*

मग त्या परदेशी संस्थेचे तज्ज्ञ ओटो साहेब आले. त्यांचं मोडकंतोडकं इंग्लिश मी मामांना मराठीत सांगायची. मॅन्युअलप्रमाणे मशीनला महिन्यातून एकदा तेल, मामा देत होते रोज. साहेब म्हणाले, “उगाच वाया घालवताय.”

“मॅडम, त्यांना सांगा, मिठागराच्या वाऱ्याला मॅन्युअल वाचता येत न्हाय!”

मी शब्दन् शब्द सांगितला. मामांनी शनिवारी लोखंडाचे दोन तुकडे खिडकीत ठेवले, एक तेल लावलेला, एक कोरडा. सोमवारी साहेबांनी कोरडा उचलला, तर बोटं गंजाने तांबडी! त्यांनी पेन्सिल काढली आणि मॅन्युअल दुरुस्त केलं.

*

परदेशी संस्थेकडून तपासणीचा फॉर्म आला. त्यात लॅबप्रमुखाची डिग्री विचारलेली. लॅब चालवायचे मामा, आणि त्यांच्याकडे फक्त आयटीआय! प्रिन्सिपॉल मामांना म्हणाले, “उद्या रजा टाका. पुढच्या महिन्यापासून स्टोअर सांभाळा.”

“रजा? मी काय आजारी हाय?”

“मामा रजेवर, तर आम्ही पण रजेवर!” हे मी बोलून गेले. नोकरी कच्ची, मराठवाड्यातून आलेलं आमचं घर माझ्याच पगारावर चालणारं. पण शिकून मान खालीच घालायची, तर शिकायचं कशाला? मागे वळून बघते, तर सगळा विभाग उभा!

*

तपासणीच्या दिवशी मामा हजर. तपासायला पुन्हा ओटो साहेबच. तरी प्रिन्सिपॉलनी दुसऱ्या विभागातल्या, कोट घातलेल्या देशमुख सरांना पुढे केलं. “हे लॅबप्रमुख. डिग्रीवाले!”

ओटो साहेबांनी सरांच्या हातात कानस आणि लोखंडाचा तुकडा दिला. “याचा चौकोन करा.”

सरांनी कानस लाटण्यासारखी धरली. पोरांना हसू आवरेना. मामा पुढे आले, तुकडा व्हाइसच्या जबड्यात आवळला आणि घासायला लागले. साहेब थोडा वेळ बघत राहिले. मग कोट काढून शेजारच्या व्हाइसपाशी उभे राहिले. मामांनी चौकोन केला, साहेबांनी त्याला बसेल अशी खाच केली. जेवणाची वेळ टळली, कुणी हललं नाही.

दोन्ही तुकडे एकात एक बसवून साहेबांनी खिडकीसमोर धरले. फटीतून उजेडाची रेघसुद्धा आली नाही.

त्यांनी फॉर्मवर मामांचं नाव लिहिलं. प्रिन्सिपॉल कानाशी वाकले. “सर, यांना डिग्री नाही!”

ओटो साहेबांनी खाली सही केली, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, “मलाही नाही!”