काशगरचा पियाला आणि जावाची दटावणी

मी सासरा भाषेवरून निवडला. नवऱ्याचा तर फोटोसुद्धा नीट बघितला नव्हता. सातवी पास झाल्याचा माज इतका, की जगातल्या दोन भाषा आपण सुपात घेऊन तांदळासारख्या निवडू, असं वाटत होतं. आज त्या पोरीच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

एकोणीसशे पन्नास साल उलटून गेलं होतं. मालवणात मला एकाच आठवड्यात दोन स्थळं आली. दोन्ही मुलगे मुंबईत नोकरीला, म्हणून बघायला आले ते त्यांचे बाप. एक तोंडवलीचा, मोठ्या लढाईच्या शेवटी पलटणीबरोबर जावाला जाऊन आलेला. दुसरा मालवणच्या बाजारातला, हिमालयापलीकडे काशगरला साहेबाच्या कोठीवर खानसामा होता. वडील म्हणाले, "दोनय घरां बरी. चेडवाक खंय जावचा आसा, ता तिकाच इचारा."

दोघं वेगवेगळ्या दिवशी आले. दोघांनाही मी चहा दिला आणि मान खाली घालून एकच विचारलं, "थंयची भाषा कशी होती?" आईने मागून काढलेला चिमटा अजून आठवतो.

तोंडवलीच्या म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "म्रेने. मेनेंग. लुंगा." हंय ये, गप बस, चालू पड.

"बास?"

"माका इतक्याच येता."

खानसाम्याचं तोंड मात्र मिटेचना. उजवा हात छातीवर, कमरेत वाकून, "केलिंग, ओल्तुरुंग, चाय इचिंग!" यावं, बसावं, चहा घ्यावा. "थंय पाव्हण्याक नुसता 'ये' कोण म्हणनत नाय गो बाय. शेवटाक 'इंग' लावकच व्हया." तिकडचा एक पियाला घरी आहे, निळ्या फुलांचा, हेही सांगितलं.

झालं. काशगरी म्हणजे लोणी, जावाची भाषा म्हणजे काळा दगड, असा मी निकाल दिला. काशगरीचं नाव उइगूर, हे मला परवा नातवाने सांगितलं. तेव्हा एवढंच माहीत, की ज्या घरात अशी भाषा मुरली आहे तिथे आपल्याला कुणी वेडंवाकडं बोलणार नाही. त्या पियाल्यातून मी मनात चहासुद्धा पिऊन टाकला. आई म्हणाली, "इंगाबरोबर संसार करतलंस?" मी नाक उडवलं.

लग्नानंतर पहिल्याच सकाळी तो पियाला हातात आला. सासूबाई म्हणाल्या, "धुवन हाड." आत पानाचा चोथा, लाल थुंकी, तिच्यात फुगलेली विडी, काठावर मुंग्या. निळं फूल एक दिसत होतं, तेही अर्धं. मी विहिरीपाशी ओकले. आतून सासऱ्याचा आवाज आला, "ए सातवी पास! मेलीस खंय? पाणी हाड!"

इंग कुठेच नाही.

हे रोजचंच. बांगड्याचं डोकं फुर्र फुर्र चोखायचा, काटे ताटाबाहेर थुंकायचा आणि बोटं वाळत घातलेल्या माझ्या लुगड्याला पुसायचा. मासळीवालीला तर 'गो'सुद्धा नाही, शिवीनेच हाक. आणि कचेरीतलं कुणी दारात आलं, की तोच हात छातीवर, तीच कंबर वाकडी, "यावं साहेब, बसावं साहेब." ती वाकलेली कंबर बघून मला पियाल्यापेक्षा जास्त किळस यायची.

पुढे एका महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या जत्रेत तोंडवलीचा म्हातारा दिसला. नातू कडेवर, सुनेची पिशवी खांद्यावर, आणि सून मोकळ्या हातांनी खाजं खात पुढे. मी तडक त्याला गाठून विचारलं, "त्या दिसा एकय गोड शब्द कित्याक सांगूक नाय?"

"गोड शब्द होते गो. थंय जेवच्यासाठी तीन शब्द. आपल्यासाठी एक, पाव्हण्यासाठी दुसरो, मोठ्या माणसासाठी तिसरो. पण माका ते कोण शिकयतलो? एका म्हातारेच्या खळ्यात आमी बंदुको घेवन बसलांव. ती रोज म्हणा, 'मंग्गा, पिनारक.' येवा, बसा. आणि मी तिका म्हणा, मेनेंग. गप बस." त्याने नातवाचं नाक पुसलं. "मी जा बोललंय, ताच सांगलंय. तिचो शब्द माझो म्हणान तुझ्या आवशीसमोर कसो मिरवू?"

म्हणजे आदराच्या इतक्या पायऱ्या असलेल्या भाषेला मी दगड ठरवलं होतं. भाषा मी ऐकल्याच नव्हत्या. बंदूक घेतलेल्याला जेवढं येत होतं आणि तबक घेतलेल्याला जेवढं येत होतं, तेवढं ऐकून परीक्षक झाले होते. शहाणी!

घरी आले ती धुमसतच. दुसऱ्या दिवशी कचेरीतले दोघे येऊन बसले. सासरा ओरडला, "ए, चाय हाड!" मी पियाला उचलला. राख आणि काथ्या घेऊन असा घासला, की फूल न् फूल उघडलं. पाहुण्यांना कपात चहा दिला, त्याला पियाल्यात. हात छातीवर ठेवला, कमरेत वाकले आणि म्हणाले, "केलिंग. ओल्तुरुंग. चाय इचिंग."

"वा! ही कुठली भाषा, सूनबाई?"

"मामंजींनीच शिकवली."

त्याने पियाल्यात बघितलं, मग माझ्याकडे. पियाला लख्ख होता. पण माझ्या धुण्यावर त्याचा विश्वास नव्हता. नको म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. "घ्या ना, निवतोय," पाहुणे आग्रह करू लागले. त्याने डोळे मिटून घोट घेतला. तो घशाच्या गाठीसकट खाली उतरताना मी बघितला. मी जागची हलले नाही.

त्या दिवसापासून पियाला धुवायला माझ्याकडे आला नाही. सासरा स्वतःच विहिरीवर उकिडवा बसून खळबळायचा. "मेलीस खंय" गेलं. हाक मात्र "ए"च राहिली.